शांत पाण्यात सीप्लेन उलटलं कसं?

तुम्ही मालवणजवळच्या देवबागचे, घरची डॉल्फिन दाखवायची होडी आहे. कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत तुम्ही एक लहान, एका इंजिनाचं, फ्लोटवालं, म्हणजे चाकांच्या जागी पाण्यावर तरंगणारे पोकळ फ्लोट असलेलं विमान पाहिलंत. उडायला धावता धावता त्याचं नाक डावीकडे ओढलं गेलं, उजव्या पंखाचं टोक पाण्याला टेकलं आणि विमान पालथं झालं. समुद्र सपाट होता, इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत खणखणीत होता. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: शांत पाण्यात ते उलटलं कसं, चूक पायलटची का, आणि उद्या आपल्याकडे असं विमान सुरू झालं तर आईला घेऊन त्यात बसावं का.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. सीप्लेनवर माझी सतरा वर्षं गेली. सुरुवातीला कॅनडातल्या तळ्यांवर चार आसनी सेसना, नंतर मालदीवमध्ये दोन इंजिनांचं ट्विन ऑटर. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही वर्णन केलेल्या त्या एका अपघाताचं कारण मी इथे बसून सांगणार नाही. वारा कुठून होता, वजन किती होतं, फ्लोटमध्ये पाणी शिरलं होतं का, खालून लाट येत होती का, यातलं काहीच व्हिडिओत दिसत नाही, आणि यातली एक गोष्ट बदलली तरी उत्तर बदलतं. पण विमान अशा तऱ्हेने उलटतं तेव्हा त्याआधी काय काय घडून गेलेलं असतं, ते मी सांगू शकतो. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न 'शांत' या शब्दात आहे. पाणी होडीला शांत असतं तेव्हा ते विमानाला शांत असतंच असं नाही.

उड्डाणाच्या त्या अर्ध्या मिनिटात काय होतं ते आधी बघू. सुरुवातीला ते विमान म्हणजे एक होडीच असते. दोन फ्लोट पाण्यात बसलेले, त्यांच्या मागच्या टोकाला हातभर सुकाणू. ब्रेक नाही. इंजिन सुरू झालं की ते चालायला लागतं, त्याला जागेवर थांबवता येत नाही. उडायचं ठरलं की पायलट सुकाणू वर ओढून घेतो, कंट्रोल, म्हणजे हातातला दांडा, पूर्ण मागे धरतो आणि थ्रॉटल पूर्ण देतो, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर. तुमच्या होडीला मशीन एकदम जोरात दिलं की नाळ वर उठते आणि मागचा भाग पाण्यात बसतो, अगदी तसंच इथे होतं. नाक इतकं वर येतं की काही क्षण समोरचं काहीच दिसत नाही. पाण्याची ओढ सगळ्यात जास्त असते ती इथेच. मग हळूहळू विमान स्वतःच्याच लाटेवर चढतं, नाक खाली येतं आणि ते पाण्यावरून सरकायला लागतं. फ्लोटच्या तळाला मध्यावर एक पायरी कापलेली असते. तिथे पाणी तळापासून सुटतं आणि मागचा अर्धा फ्लोट मोकळा होतो. याला आम्ही 'स्टेपवर आलं' म्हणतो. इथून पुढे वेग भराभर वाढतो आणि लहान सेसनासारखं विमान साधारण ५० ते ६० नॉटला, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, पाणी सोडतं.

धोका आहे तो स्टेपवर आल्यापासून पाणी सुटेपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदांत. पाण्यातलं सुकाणू वर घेतलेलं आहे. पंखांवर अजून पूर्ण भार आलेला नाही, त्यामुळे हवेतले कंट्रोल अर्धवट चालतात. पाण्याला टेकलेला आहे तो प्रत्येक फ्लोटचा फक्त पायरीजवळचा छोटासा पट्टा. आणि वेग असा, की त्या वेगाला पाणी दगडासारखं लागतं. या अवस्थेत ते ना धड होडी असतं, ना धड विमान.

आता तुमच्या व्हिडिओतलं डावीकडे गेलेलं नाक आणि टेकलेला उजवा पंख. बहुतेक लहान विमानांत नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) पायलटच्या जागेवरून पाहिला तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. त्यामुळे पूर्ण थ्रॉटल दिलं की नाक डावीकडे ओढलं जातं. पायलट उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीचं हवेतलं सुकाणू, दाबून ते सरळ ठेवतो, हे रोजचंच आहे. पण समजा वारा डाव्या बाजूने आला. वाऱ्याच्या दिशेला तोंड करणं हा सीप्लेनचा स्वभावच आहे, कारण मागची उभी शेपटी वाऱ्याला शिडासारखी सापडते. म्हणजे इंजिनही नाक डावीकडे ओढतंय आणि वाराही. नाक डावीकडे वळलं की वजन बाहेर, म्हणजे उजवीकडे, फेकलं जातं. फोंडा घाटात एसटी डावीकडे वळली की आपण उजवीकडच्या माणसावर कलंडतो, तसंच. त्यात तोच वारा डावा पंख उचलतोय. तिन्ही ताकदी एकाच दिशेने लागल्या की उजवा फ्लोट खोल जातो. खोल गेला की त्याला पाणी जास्त ओढतं. मग पंखाचं टोक पाण्याला लागतं, आणि पंखाचं टोक त्या वेगात पाण्याला लागलं की तो एक खुंटाच होतो आणि विमान त्याच्याभोवती फिरतं. 'आता हे जातंय' असं वाटण्यापासून पालथं होईपर्यंत दोन-तीन सेकंद मिळतात. तुमच्या व्हिडिओत किनाऱ्यावर माड दिसत असतील तर त्यांच्या झावळ्या कुठे झुकल्यात तेवढं बघा. त्या विमानाच्या उजव्या बाजूकडे झुकलेल्या दिसल्या, तर मी जे सांगतोय ते घडलं असण्याची शक्यता बरीच वाढते.

उलटायची दुसरी एक तऱ्हा आहे, ती तुम्हाला लगेच कळेल कारण तुम्ही रोज डॉल्फिन बघता. स्टेपवर असताना नाकाचा कोन एका ठरावीक जागेत ठेवावा लागतो, दोन-तीन अंशांचाच खेळ असतो. नाक जरा जास्त खाली गेलं की फ्लोटचं पुढचं टोक पाणी खणायला लागतं, उसळतं, पुन्हा आपटतं. विमान डॉल्फिनसारखं वर-खाली होत पळायला लागतं आणि प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा मोठी होते. नवखा पायलट उसळीमागोमाग कंट्रोल पुढे-मागे करतो, त्याचा हात नेमका अर्धा सेकंद उशिरा पोचतो, आणि तो ती उसळी वाढवत नेतो. माझा नियम सरळ आहे. पहिल्या उसळीला कंट्रोल मागे ओढून धरायचा, दुसरी उसळी आली की थ्रॉटल बंद. तिसरी बघायची नाही.

आता 'शांत' पाण्याकडे येतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपल्याकडे सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. उन्ह चढलं की तो पडतो, आणि समुद्रावरून येणारा खारा वारा सुरू व्हायच्या आधी काही वेळ कर्लीच्या खाडीचं पाणी आरशासारखं होतं. पर्यटक त्या वेळी फोटो काढतात. मला ती वेळ आवडत नाही. आरशासारखं पाणी फ्लोटच्या तळाला चिकटून राहतं. बारीक लाटा असल्या की तळाखाली हवा शिरते, ओढ तुटते आणि विमान लवकर सुटतं. सपाट पाण्यावर तेच विमान, तेवढ्याच वजनाला, कितीतरी लांब पळतं. अशा वेळी आम्ही कंट्रोल एका बाजूला देऊन आधी एक फ्लोट पाण्यातून उचलतो, मग दुसरा सुटतो. हे हलक्या हाताने करायचं काम आहे. एका फ्लोटवर धावणारं विमान वळायला टपलेलं असतं, आणि ते वळलं की काय होतं ते वर सांगितलंच आहे. शिवाय पाण्यावर वारा नाही म्हणजे समोरून मिळणारी मदतही नाही. त्यात एप्रिल-मेची पस्तीस अंशांची दमट हवा घ्या. गरम हवा विरळ असते, तिच्यात इंजिन कमी ओढतं आणि पंखही कमी उचलतात. जानेवारीत सहज उडालेलं विमान मे महिन्यात त्याच खाडीत पुरी लांबी घेतं.

दुपारी उलट. खारा वारा वायव्येकडून जोर धरतो. खाडीला ओहोटी लागलेली असेल तर तोंडाशी पाणी बाहेर जातंय आणि वारा आत येतोय. तिथे पाणी कसं उभं राहतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्या वडिलांनी त्या जागी होडी किती वेळा सांभाळली असेल. आखूड, खड्या लाटा फ्लोटला हातोड्यासारख्या लागतात.

सगळ्यात फसवी ती लांब लाट. कुठेतरी दूर दर्यात वादळ होऊन गेलेलं असतं, आपल्याकडे वाऱ्याचा पत्ता नसतो, आणि तरी समुद्र संथ श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत असतो. किनाऱ्यावरून आणि मोबाइलच्या व्हिडिओत ही लाट दिसतच नाही, कारण दोन शेंड्यांमध्ये पन्नास-शंभर मीटरचं अंतर असतं. होडीला ती झोका देते. चाळीस नॉटने धावणाऱ्या विमानाला मात्र ती उताराच्या फळीसारखी हवेत फेकते, उडण्याइतका वेग येण्याच्या आधीच. तिथून ते परत आपटतं, बहुधा एक फ्लोट आधी आणि नाक खाली. म्हणून लांब लाट असली की आम्ही तिला आडवे जात नाही, लाटेच्या शेंड्याच्या समांतर धावतो. पण मग वारा बाजूने लागतो. लाट सांभाळायची की वारा, हा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो, आणि कधी कधी योग्य उत्तर 'आज नको' एवढंच असतं.

शेवटची गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या होडीने सोडलेली लाट. होडी निघून गेलेली असते, लाट मागे राहते. ती तिरकी लागली की एक फ्लोट आधी उचलला जातो. आणि होडी स्वतःच वाटेत आली तर काय, याचं उदाहरण ८ जून २०२४ चं आहे. व्हँकुव्हरच्या कोल हार्बरमध्ये उड्डाणासाठी धावणारं बीव्हर विमान एका मोटरबोटीवर आदळलं. ते बंदर सीप्लेनच्या रोजच्या वर्दळीचं आहे, तरी हे झालं. नाक वर असताना पायलटला समोरचं दिसत नाही हे लक्षात ठेवा.

पाण्याबद्दल एवढं बोललो, पण एक पाणी असं असतं की ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. प्रत्येक फ्लोट आतून कप्प्याकप्प्यांचा असतो. २०१७ पर्यंतच्या अमेरिकन नियमाप्रमाणे किमान चार जलरोधक कप्पे लागत, आणि कोणतेही दोन कप्पे भरले तरी विमान तरंगत राहायला हवं असे. फ्लोटने आपल्या वाट्याच्या वजनापेक्षा ८० टक्के जास्त भार पेलला पाहिजे. हे सगळं तरंगण्यापुरतं झालं. उडण्यासाठी फ्लोट कोरडा लागतो. आणि रिवेटच्या भोकांतून, सांध्यांतून, थोडं पाणी रोज आत येतंच.

म्हणून सकाळचं पहिलं काम असतं पंप मारणं. फ्लोटच्या वरच्या बाजूला प्रत्येक कप्प्याचं एक तोंड असतं, त्यात रबरी बूच. बूच काढायचं, सायकलच्या पंपासारखा दिसणारा हातपंप लावायचा आणि खेचायचं. मी खेचताना मोजतो. एकदा मालदीवमध्ये एका सकाळी मोजत होतो: पहिला कप्पा सहा वेळा खेचून कोरडा, दुसरा पाच, तिसरा सात. चौथ्याला पन्नास झाले तरी पाणी येतच होतं, स्वच्छ, थंड, खारं. खाली वाकून फ्लोटच्या मागच्या भागावर हात फिरवला, तर एका शिवणीवर नखाएवढी चीर हाताला लागली. आदल्या संध्याकाळी विमान धक्क्याला लागताना घासलं होतं आणि कुणी बोललं नव्हतं. समुद्राच्या पाण्याचा लिटर एक किलोहून थोडा जास्तच भरतो. चौथा कप्पा शेपटीकडे असतो. तिथे तीस लिटर पाणी म्हणजे तीस किलोचं पोतं विमानाच्या मागच्या टोकाला बांधल्यासारखं. वजनाच्या कागदावर ते कुठेच नसतं. नाक मागे झुकतं, विमान स्टेपवर यायला तयार होत नाही, पायलटला वाटतं इंजिन कमी पडतंय, आणि तो आणखी थोडं, आणखी थोडं करत पाणी संपेपर्यंत पळत राहतो. त्या दिवशी ती फेरी रद्द झाली. व्हिडिओत कुणाला ते पाणी दिसलं असतं का?

आता चूक पायलटची का? शेवटच्या तीन सेकंदांतल्या पायलटला दोष देणं सोपं आहे. मी ते करत नाही, कारण त्या तीन सेकंदांत मी होतो.

कॅनडातलं माझं दुसरं वर्ष. संध्याकाळ, दोन प्रवासी, त्यांचं मासेमारीचं सामान. तळं लांब होतं, पण धक्का मध्यावर होता. टोकापर्यंत होडीच्या चालीने जायला दहा मिनिटं लागली असती. उशीर झाला होता, मालक रेडिओवर दोनदा विचारून गेला होता. मी मध्यापासूनच धाव घेतली. वारा डावीकडून, फार नव्हता. स्टेपवर आलो आणि दोन मिनिटांपूर्वी गेलेल्या एका मोटरबोटीची लाट डाव्या फ्लोटला लागली. डावी बाजू उचलली गेली, खाली आली, नाक डावीकडे गेलं. मी रडर दाबलं, पण विमान अजून पळवतच होतो, कारण पुढचं पाणी कमी होतं आणि मनात होतं की सुटेल आता. उजव्या पंखाचं टोक पाण्याला लागलं तेव्हा कापड फाडल्यासारखा आवाज आला. तो आवाज ऐकल्यावर हात आपोआप थ्रॉटलवर गेला. थ्रॉटल बंद, उजवं रडर पूर्ण, कंट्रोल डावीकडे. विमान एकदा झुललं आणि बसलं. इंजिन हळू फिरत होतं, फ्लोटवर पाणी आपटत होतं, आणि मागचा प्रवासी शांतपणे म्हणाला, "झालं का?"

पंखाचं टोक चेपलं होतं, बाकी काही नाही. धक्क्याला आल्यावर मालकाचा पहिला प्रश्न होता की पुढची फेरी किती वाजता घेतोस. त्या महिन्याअखेर मी ती नोकरी सोडली. पण खरी चूक माझीच होती, आणि ती पंख टेकताना झाली नाही. ती धक्क्यावर झाली, दहा मिनिटं वाचवायचं ठरवलं तेव्हा. तेव्हापासून मी प्रत्येक उड्डाणाआधी किनाऱ्यावर एक खूण धरतो, एखादं झाड, एखादं घर. तिथपर्यंत विमान सुटलं नाही तर थ्रॉटल बंद, मग इंजिन कितीही चांगलं ओढत असो. खूण थ्रॉटल द्यायच्या आधी ठरवायची, कारण धावताना पायलटच्या मनाला प्रत्येक झाड पुढचं झाड वाटतं. तपास करणारे लोकही याच क्रमाने मागे मागे जातात: धाव कुठून घेतली, वारा काय होता, वजन किती, पंप कधी मारला, आधीच्या फेऱ्या किती झाल्या, उशीर झाला होता का.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. अशा अपघातात माणसं आदळून दगावतात त्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते आदळण्यातून वाचलेली माणसं आत अडकून बुडतात तेव्हा. २९ नोव्हेंबर २००९ ला कॅनडात सॅटर्ना बेटाच्या लायल हार्बरमधून उडालेलं बीव्हर लगेच पाण्यात कोसळलं. आठ जण होते, त्यात एक तान्हं बाळ. पायलट आणि एक प्रवासी बाहेर आले. बाकीचे सहा आत बुडाले. त्यानंतर तिथल्या तपास मंडळाने दारं-खिडक्या पटकन निघणाऱ्या असाव्यात आणि प्रवाशांनी लाइफ जॅकेट अंगावर घालूनच बसावं अशी शिफारस केली. १६ ऑगस्ट २०१८ ला कॅनडातल्याच लिटल डॉक्टर लेकवर उतरताना एका सेसना २०६ चा उजवा पंख पाण्याला लागून ते उलटलं, आणि तीन प्रवासी केबिनमध्ये बुडाले. या विमानाची एक खोड माहीत असायला हवी. मागच्या दुहेरी दाराचा पुढचा अर्धा भाग पंखाच्या फ्लॅपखाली, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या पट्टीखाली येतो. फ्लॅप खाली असले की ते दार नीट उघडत नाही, आणि उड्डाणाच्या वेळी फ्लॅप खालीच असतात. पुढचा अर्धा भाग उघडेल तेवढा उघडून, मग मागच्या अर्ध्या भागाचं हँडल फिरवून तो सोडवावा लागतो. हे उलटं लटकलेल्या, नाकात पाणी गेलेल्या माणसाला सुचेल का, विचार करा. ७ जानेवारी २०२५ ला ऑस्ट्रेलियात रॉटनेस्ट बेटावरून निघालेलं सेसना कॅरॅव्हॅन उड्डाण घेताना कोसळलं. सात जणांपैकी तीन गेले, चार वाचले.

उलटल्यावर विमान लगेच तळाला जात नाही. फ्लोट तरंगत राहतात, पण ते आता वर असतात आणि केबिन त्यांच्याखाली पाण्यात लटकते. याचा सराव आम्हाला तलावात करावा लागतो. विमानाच्या केबिनसारखा पिंजरा, त्यात पट्टा लावून बसवतात, पाण्यात सोडतात आणि पालथा करतात. पहिल्या वेळी मी सगळ्यात आधी पट्टा सोडला. लहानपणी खाडीत पोहलेला माणूस मी, मला वाटलं सहज निघेन. पट्टा सुटताच अंग वर तरंगलं आणि डोकं पिंजऱ्याच्या जमिनीला लागलं, कारण आता जमीन वर होती. दार डावीकडे होतं, मी उजवीकडे चाचपत होतो. पाणबुड्याने दंडाला धरून काढलं. दुसऱ्या वेळी एक हात दाराच्या हँडलवर ठेवूनच बसलो. पाणी पूर्ण भरेपर्यंत थांबलो, दार उघडलं, दाराची कड घट्ट धरली, मग दुसऱ्या हाताने पट्टा सोडला आणि धरलेल्या हाताने स्वतःला ओढून बाहेर आलो. सात-आठ सेकंद लागले असतील. फरक एवढाच होता की एक हात जागा सोडायला तयार नव्हता.

जॅकेटचंही तसंच. तुमच्या होडीवरचं नारिंगी फोमचं जॅकेट होडीसाठी उत्तम आहे, सीप्लेनमध्ये ते चालत नाही. केबिन पाण्याने भरली की ते तुम्हाला वर दाबून धरतं आणि दारातून खाली जाऊ देत नाही. सीप्लेनमध्ये कंबरेला किंवा गळ्यात घालायचं, ओढल्यावर फुगणारं जॅकेट असतं, आणि ते बाहेर आल्यावरच फुगवायचं. १९९६ मध्ये कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलेल्या इथिओपियन विमानात अनेकांनी आतच जॅकेट फुगवली आणि ते तिथेच अडकले. ते मोठं प्रवासी विमान होतं, पण पाण्याने भरलेल्या केबिनचा नियम तोच.

आपल्याकडे सीप्लेन सुरू होईल का, याची चर्चा अधूनमधून निघते. अंदमानात २०१० च्या डिसेंबरात सुरू झालं होतं. गिरगाव चौपाटीसमोर २०१७ च्या डिसेंबरात चाचणी झाली, साबरमतीवरून केवडियाला २०२० मध्ये सेवा सुरू झाली. केरळात २०१३ मध्ये मच्छीमारांच्या विरोधामुळे अडलं. त्या मच्छीमारांचं म्हणणं मला नेहमी रास्त वाटलं आहे. कर्लीच्या तोंडाशी तुमच्या होड्या, जेट-स्की, पॅरासेलिंग, कुणाची जाळी, बोये, हे सगळं आहे. तिथे विमान उडवायचं तर निदान एक किलोमीटर पाण्याचा पट्टा बोये लावून मोकळा राखावा लागेल. प्रत्येक उड्डाणाआधी एक गस्तीची होडी त्यातून फिरून यावी लागेल, तरंगता ओंडका किंवा तुटलेलं जाळं नाही ना ते बघायला. कोळ्याचं पाणी त्याला न विचारता घेऊन हे जमणार नाही. जून ते सप्टेंबर सेवा बंदच ठेवावी लागेल. सकाळी मतलईची हलकी झुळूक असताना, भरतीला, खाडीच्या आतल्या बाजूला, तोंडापासून दूर, असं कुणी करत असेल तर मी स्वतः त्यात बसेन. दुपारी चार वाजता, ओहोटीला, खाडी-समुद्राच्या संगमाजवळून, गर्दीचा हंगाम म्हणून भराभर फेऱ्या मारत असेल, तर मी बसणार नाही आणि माझ्या आईला बसवणार नाही.

तेव्हा आईबद्दल. तिला पोहता येत नसलं तरी चालेल, बाहेर पडता आलं पाहिजे. दाराला लागून असलेली सीट मागून घ्या, त्यासाठी रांगेत पुढे उभं राहावं लागलं तरी राहा, आणि तुम्ही तिच्या शेजारी बसा, मागे नको. साडी असेल तर पदर खोचलेला हवा आणि जॅकेटचा पट्टा त्याच्या वरून, म्हणजे ओढायची दोरी हाताला लागेल. गळ्यात पर्स, मोबाइलची दोरी काही नको. हेडफोन दिले तर त्यांची वायर मानेमागे गुंडाळू देऊ नका. बसल्यावर तिचा हात धरून दाराच्या हँडलवर ठेवा, डोळे मिटायला सांगा, हात मांडीवर आणा, आणि न बघता पुन्हा हँडल शोधायला सांगा. दोनदा करून घ्या. मग पायलटला विचारा की फ्लॅप खाली असताना हे दार उघडतं का, आणि आज फ्लोटचा पंप कधी मारला. चांगला पायलट खूश होऊन उत्तर देईल. तो वैतागला, तर आईला घेऊन उतरा आणि आपल्या होडीतून डॉल्फिन दाखवायला न्या.